फाल्यां येतां, टीचर

१ जूनला गोव्यातले ट्रॉलर जेटीला लागतात आणि आमच्या वर्गाची हजेरी वाढते. ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. बर्फ फोडायला, मासळी निवडायला, जाळी ओढायला तेवढे दिवस माणूस नको, म्हणून वास्कोच्या खारीवाड्याची रिकामी झालेली पोरं संध्याकाळी सहाला आमचा जिना चढतात. ऑगस्ट लागला की पांगतात. श्रावणात दामोदराचा सप्ताह येतो, वास्कोत फेरी म्हणजे जत्रेचा बाजार भरतो, खेळण्यांच्या नि खाज्यांच्या दुकानांवर पोरांना मागणी येते. पुढे किनाऱ्यावर शॅक उभारायचे दिवस, मग डिसेंबरातली हॉटेलं, मग लग्नांचं केटरिंग. आमच्या हजेरीपटावरून नुसती नजर फिरवली तरी कुठल्या महिन्यात गोव्यात पैसा कुठे खेळतो ते कळावं. अर्थखात्याला हवा असेल तर देऊ.

मी दहावीला शिकवते, पण शाळेत नाही. मांगोर हिलच्या पायथ्याशी एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर एक संस्था हा संध्याकाळचा वर्ग चालवते. बाक नाहीत, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि मांडीवर घ्यायला परीक्षेची पॅडं. मुलं चौदापासून बावीस-तेवीसपर्यंतची, बायणा, सडा, नवे वाडे, झुआरीनगर इथली. बहुतेकांचे आईवडील गदग, हावेरी, विजापूरकडून लोंढ्यावरून येणाऱ्या रेल्वेने आलेले, काही सोलापूरकडचे, काही अगदी इथलेच. नावं देत नाही. वास्को लहान आहे आणि सगळ्यांकडे मोबाईल आहेत.

परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. लोक नुसतं ‘ओपन’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. “ओपनमधून ना? सोपं असतं म्हणे.” सोपं नसतं, वेगळं असतं, हे समजावण्यात माझी बरीच लग्नकार्यं गेली आहेत. १९७९मध्ये सीबीएसईने हा प्रयोग सुरू केला, १९८९मध्ये त्याचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय झालं आणि २००२मध्ये आजचं नाव मिळालं. दहावीसाठी वय चौदा पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. पाच विषय घ्यायचे. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो. ३३ गुण मिळाले की तो विषय तुमचा झाला, पुढच्या वेळी तो पुन्हा देण्याची गरज नाही.

या सगळ्या नियमांत मला मोलाचं वाटतं ते एवढंच, की इथे उशिराला शिक्षा नाही.

याची किंमत कळायला शाळेत शिकवलेलं असावं लागतं. मी बरीच वर्षं एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवलं. तिथे जूनमध्ये गाडी सुटते ती मार्चमध्ये थांबते. बाप बांधकामाच्या परांचीवरून पडला म्हणून नोव्हेंबरात महिनाभर घरी राहिलेलं पोर डिसेंबरात परत येतं तेव्हा वर्ग बैजिक राशींवर पोचलेला असतो. त्याला मागचं शिकवायला कुणाला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर पोर्शनच्या धाकात ती वेळ काढताही येत नाही. शिक्षण हक्क कायदा २०१०पासून लागू झाला, त्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. हेतू चांगलाच होता. २०१९मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला परीक्षेची मुभा आली. पण मधल्या काळातलं सगळं थकलेलं देणं एकदम नववीत वसूल व्हायला लागलं. नववी ही भिंत झाली, कारण तिच्या पलीकडे दहावीचा बोर्ड आहे आणि बोर्डाचा निकाल गेटवरच्या फ्लेक्सवर लागतो. शंभर टक्के!

शंभर टक्के कसे होतात ते शिक्षकांना माहीत असतं. पालकाला बोलावतात. ओरडत नाहीत, चहासुद्धा देतात. “इथं राहिला तर पुन्हा नापास होईल. दाखला घ्या, ओपनला घाला, पोराचं वर्ष वाचेल.” दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलं जातं. आमच्या कपाटात असे दाखले फाईलभर आहेत. विनंती करणाऱ्या त्या पालकांपैकी निम्म्यांना तो रकाना वाचता येत नाही.

भाषेचंही सांगायला हवं. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी नाहीतर कोकणी, आणि पाचवीला पोर हायस्कुलात गेलं की एकदम इंग्रजी. माझं बालपण डिचोलीतलं. राजभाषेच्या आंदोलनात आमच्या घरातली माणसं मराठीच्या बाजूने होती आणि कोकणीला राजभाषा करणारा १९८७चा कायदा झाला तेव्हा वडील कितीतरी दिवस जेवणाच्या पाटावर गप्प असत. पुढे अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना द्यायचं ठरलं, मग २०११मध्ये इंग्रजी प्राथमिकलाही दार उघडलं, पुन्हा मोर्चे निघाले, पुन्हा सभा. भांडण सगळं पहिली ते चौथीचं. पाचवीच्या जूनमध्ये त्या दहा वर्षांच्या मुलाचं काय होतं, यासाठी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. घरी शिकलेलं कुणी असेल तर ट्यूशन लागते आणि दोन वर्षांत गाडी रुळावर येते. ज्याच्या घरी लमाणी किंवा कन्नड, गल्लीत कोकणी, मोबाईलवर हिंदी आणि शाळेत चार वर्षं मराठी, तो पाचवीत फळ्यावरचं फोटोसिंथेसिस सुबक अक्षरात उतरवून घेतो. चार वर्षं उतरवत राहतो. वह्या पूर्ण असतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातून देता येते. आमच्याकडची बरीच मुलं तीच घेतात, कारण अर्थ कळून वाचलेली त्यांची ती एकमेव भाषा. शहरातल्या कितीतरी सरकारी मराठी शाळा आज स्थलांतरितांच्या मुलांवरच उभ्या आहेत, हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे आणि सभेत कुणी बोलत नाही. मराठीसाठी घसा फोडलेल्यांची नातवंडं इंग्रजीत शिकली. माझ्या वर्गात सामाजिक शास्त्राची उत्तरं मराठीत लिहितो तो गदगकडच्या लमाणी घरातला मुलगा, ज्याला खाली रस्त्यावर ‘घाटी’ म्हणून हाक मारतात. वडील असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. एकदा त्याचा निबंध घरी नेऊन त्यांच्या फोटोसमोर वाचावा असं मला वाटलं होतं. नेला नाही, निबंध मोबाईलच्या दुष्परिणामांवर होता.

लोकांना वाटतं की अशा वर्गात आम्ही मुलांचं मन जिंकतो, त्यांना मार्गावर आणतो वगैरे. आमचा अर्धा वेळ कागदपत्रांत जातो. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यात नाव एकच हवं. एका मुलाचे तीन कागद टेबलावर मांडले. गावाकडचा जन्मदाखला कन्नडमध्ये, त्यावर आजोबांचं नाव आडनावाच्या जागी. आधारवर गावाचं नाव आडनाव म्हणून. शाळेच्या दाखल्यावर राठोड, कारण त्या वर्षी प्रवेश देणाऱ्या गुरुजींनी सगळ्याच लमाणी पोरांना राठोड करून टाकलं होतं. तीन कागदांवर तीन माणसं आणि समोर खुर्चीत चौथा, नखं खात बसलेला. आई शेजारी उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. तिने पदराच्या गाठीतून आणखी एक कागद काढला, लसीकरणाचं कार्ड, कडा झिजून कापडासारखं मऊ झालेलं. त्यावर मुलाचं नावच नव्हतं. नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे तिचं नाव. “हेच खरं,” ती म्हणाली. “बाकी सगळं लोकांनी लिवलेलं.”

प्रतिज्ञापत्र करायला तिचा एका दिवसाचा रोज बुडाला, आधार दुरुस्तीला आणखी एका दिवसाचा. जन्मतारखांची तर मौजच आहे. आमच्या पटावर निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी दिलेला. ट्रॉलर बंद होतात त्याच दिवशी ही सगळी एकदम वर्षाने मोठी होतात.

कागद झाल्यावर बसायला शिकवायचं. हे कुठल्या प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नव्हतं. पेपर तीन तासांचा असतो, आणि पहाटे दोनपासून मासळीचे क्रेट उचलणाऱ्या मुलाला तीन तास खुर्चीत बसणं हे क्रेट उचलण्याहून अवघड जातं. पेन इतकं दाबून धरतात की मागच्या पानावर अक्षरं फुगून येतात, बोट फिरवलं तर जाणवतात. वीस मिनिटांत अंगठा दुखतो. मग आम्ही आधी नुसता वीस मिनिटं लिहिण्याचा सराव घेतो, मग अर्धा तास, मग तास. काय लिहिता ते तेव्हा बघतसुद्धा नाही. एकाने पूर्ण तासभर बर्फाचे भाव आणि तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, शिव्या लिहिल्या होत्या. शुद्धलेखन वाईट, पण मजकूर वाचनीय होता. मी एकही शिवी खोडली नाही.

एवढं करून दहावीचा कागद हवा कशाला, असं बरेच शिकलेले लोक विचारतात. ज्यांच्याकडे तो आहे तेच विचारतात. दहावी पास असलं की पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी हवी’ असा, शिक्का बसत नाही आणि आखातात कामाला जाताना परवानगीसाठी एजंटाच्या दारात उभं राहावं लागत नाही. जहाजावर जायचं तर सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, लागते आणि तिला दहावी लागते. गोव्यात ‘बोटीवर जाणं’ काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. आयटीआयमध्ये वेल्डर, प्लंबर, वायरमन आठवीवर मिळतात, पण इलेक्ट्रिशियन आणि फिटरला दहावी हवी. मुलांना हे सगळं आमच्याहून चांगलं माहीत असतं. करिअर मार्गदर्शनाला आलेल्या एका पाहुण्यांनी ‘मोठी स्वप्नं पाहा’ म्हणून सांगितलं, तेव्हा मागून एकाने विचारलं, “सर, सीडीसीला चष्मा चालतो काय?” पाहुण्यांना सीडीसी माहीत नव्हती.

मुली कमी येतात आणि सलग येतात. त्यांना हंगाम नसतो, पार्लर किंवा कापडाचं दुकान बारा महिने चालू. त्यांचा धोका मे महिन्यात असतो. गावाला लग्न आहे म्हणून जातात आणि कधी कधी ते लग्न त्यांचंच निघतं. एकजण, अठरा नुकती पूर्ण झालेली, जूनमध्ये गळ्यात मंगळसूत्र घालून परत आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “टीचर, फॉर्मवर नाव बदलू नका हां. परत कागद कोण करणार?” तिने होम सायन्स घेतलंय. संतुलित आहाराचा धडा वाचताना पूर्ण वेळ हसत असते.

आणि पोलीस. हा भाग लिहू नये असं आमच्या संस्थेतल्या काहींना वाटतं, वर्गाचं नाव खराब होतं म्हणे. गांजाची पुडी इकडून तिकडे पोचवली की एका संध्याकाळी जे मिळतं ते जेटीवर आठवड्यात मिळत नाही, हे न लिहून काय बदलणार? आमचा एक मुलगा असा सापडला. अठराच्या आतला म्हणून बाल न्याय मंडळापुढे गेला, काही दिवस मेरशीला मुलांच्या सुधारगृहात राहिला. त्याची आई बोनाफाईड मागायला आली, मी लिहून दिलं. त्यात ‘वर्तन चांगले’ लिहायची पद्धत असते. मी ‘नियमित येतो, विज्ञानात रस आहे’ एवढंच लिहिलं, कारण तेवढं मला खात्रीने माहीत होतं. तो परत आला त्या दिवशी वर्गात मी फार जपून वागणार होते. पोरांनी तासभर त्याला सोडलं नाही. जेवायला काय देतात, टीव्ही असतो काय, मोबाईल कोण ठेवून घेतो, कॅरम आहे काय. विज्ञानाचा तास गेला. पण त्याचं झाकायचं काही उरलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तो प्रकाशाच्या अपवर्तनाचं विचारायला लागला.

अनेकजण मध्येच नाहीसे होतात. रस्त्यात भेटले तर तोंड चुकवत नाहीत, पायलटची, म्हणजे भाड्याची, मोटरसायकल थांबवून सांगतात, “फाल्यां येतां, टीचर.” उद्या येतो. हा फाल्यां कधी आठवड्याने उजाडतो, कधी दीड वर्षाने. हायस्कुलात असताना असं म्हणणारा मुलगा मला थापाड्या वाटायचा. आता मी हजेरीपटावरून नाव काढत नाही. पटाची पानं त्यामुळे वाढतात आणि संस्थेच्या अहवालात आमची गळती भयंकर दिसते. देणगीदारांना आकडे हवे असतात. ‘येईल’ या रकान्यात किती, असा त्यांच्या फॉर्मात रकानाच नाही.

ऑक्टोबरची परीक्षा मात्र आमच्या हाताबाहेर. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस वास्कोच्या प्रत्येक वाड्यावर नरकासुर बांधला जातो, आणि आमचे मुलगे त्यातले कारागीर. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, वर सुकं गवत, त्यावर खळीने चिकटवलेले वर्तमानपत्राचे थर, आणि हल्ली आत मोटर बसवून हात हलवतात, मान फिरवतात, डोळ्यांत दिवे लावतात. दोन मजली पुतळा तोल न जाता ट्रकवर उभा कसा राहतो ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. चतुर्दशीच्या पहाटे त्याला जाळतात. आमचे एक उत्साही सहकारी म्हणाले, यातून गुणोत्तर, प्रमाण, गुरुत्वमध्य शिकवता येईल, प्रकल्प करू. मी नको म्हटलं. मुलांच्या आयुष्यात जे धड चाललंय त्याच्यावर शिक्षकांनी लगेच धडा बसवू नये. त्यांना तो तिथे नको असतो, आणि नरकासुर आमच्या मदतीशिवाय चांगले उभे राहतात.

गणिताबद्दल आमच्या वर्गात एक वाद कायम चालू आहे आणि त्यात मी गणिताच्या विरुद्ध बाजूला आहे. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचं नाही. त्याऐवजी होम सायन्स घ्या, चित्रकला घ्या, डेटा एंट्री घ्या, दहावी ती दहावी. जन्मभर गणित शिकवलेली बाई मुलांना ‘गणित सोड’ म्हणते, याचं जुन्या सहकाऱ्यांना हसू येतं. पण ज्याला सिक्युरिटीत किंवा बोटीच्या किचनमध्ये जायचंय त्याला वर्गसमीकरणाने अडवून ठेवण्यात मला आता अर्थ दिसत नाही. दार बंद होतं ते आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसारख्या ठिकाणी, जिथे दहावीला विज्ञान आणि गणित दोन्ही लागतात. त्यामुळे प्रत्येकाशी बसून बोलावं लागतं, आणि नेमक्या याच बोलण्याला आम्हाला वेळ पुरत नाही.

एक मुलगा आहे, वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली काम करतो. चार विषय सुटलेत, विज्ञानसुद्धा. राहिलंय गणित. मी त्याला म्हटलं, वायरमनचा ट्रेड आठवीवर मिळतो, तिकडे जा. नाहीतर गणिताऐवजी चित्रकला घे, सहा महिन्यांत कागद हातात. त्याला दोन्ही नको. मिस्त्री वायरमन आहे आणि इलेक्ट्रिशियनचा कागद असलेला साहेब येऊन त्याच्या कामावर सही करतो, ते त्याने बघितलंय. त्याला सही करायची आहे. प्रत्येक वेळी गणितात पाच-सात गुणांनी जातो आणि शांतपणे म्हणतो, “नऊ चान्स आहेत ना?”

आहेत, पण पाच वर्षांतच. मुदत संपली की पुन्हा नोंदणी, पुन्हा फी. परवा मी खडू घेऊन त्याला फळ्यावर मांडून दाखवायला लागले: तुझी नोंदणी अमुक वर्षी, वर्षाला परीक्षा दोन, एवढ्या होऊन गेल्या, तर आता उरल्या... माझं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, “दोन. त्यातली एक नरकासुराची, ती धरायची नाही. म्हणजे एक.” मग जरा थांबून, “एप्रिलचा फॉर्म कधी निघणार, टीचर?”